रात्रभराचं नमन, तासाभराची फाइल

कोकणातल्या शिमग्याचं शूटिंग करणाऱ्याला आपला प्रेक्षक कोण, हे शोधावं लागत नाही. तो विरारला, नालासोपाऱ्याला, दिव्याला राहतो आणि यंदा रजा मिळाली नाही म्हणून गावी आलेला नसतो. दुसरा प्रेक्षक गावातच, पण घरात असतो. जागरण झेपत नाही म्हणून पालखी बसते त्या सहाणेपर्यंत न आलेली आजी. या दोघांपर्यंत रात्रभराचं नमन, म्हणजे शिमग्यात खेळे करतात ते लोकनाट्य, पोचवायचं, हे माझं हौसेचं काम. त्यामुळे एडिटिंगला बसताना, किंबहुना कॅमेरा लावतानाच, एक प्रश्न मनात असतो: हे कुठल्या पडद्यावर दिसणार आणि कशातून तिथवर जाणार? बहुतेक हौशी मंडळी हा प्रश्न सगळं झाल्यावर विचारतात. मला तो पहिला वाटतो.

नमनातल्या संकासुराचंच बघा. काळा झगा, काळी उंच टोपी, लांब पांढरी दाढी आणि मागे शिमग्याची रात्र. फोनवर शूट केलेलं मूळ चित्र छान असतं. तेच व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखं पाठवलं की झग्याच्या चुण्या नाहीशा होतात, काळ्यात काळे चौकोन दिसू लागतात आणि दाढी तेवढी हवेत हलत राहते. याचं कारण समजून घेतलं की निम्मं काम सोपं होतं. व्हिडिओ लहान करताना कोडेक प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, तेवढंच मुख्यतः लिहून ठेवतो. अंधाऱ्या भागातले बारकावे डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून जागा कमी पडली की काटछाट तिथे आधी होते. पालखी नाचताना गुलाल उडाला की नेमकी उलटी पंचाईत. चौकटीतला कण न् कण हललेला असतो, मागच्या चित्राचा आधार घ्यावा असं काही उरतच नाही, आणि गुलालाचे ठोकळे होतात.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, मांडवात आहे. संकासुराच्या मागून, जरा बाजूने, एक एलईडी दिवा मारला की झग्याची कड रात्रीपासून सुटते. दिवा नसेल तर लोक आयएसओ वाढवतात. मग चित्रभर बारीक दाणे वळवळू लागतात आणि कोडेक त्या वळवळीलाही हालचाल समजून तिच्यावर बिट खर्च करतो. म्हणून महागड्या फोनपेक्षा मी दिव्यावर पैसे घालायला सांगतो. शिवाय आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. फोनवर 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवलं की पडद्यावर पट्टे धावत नाहीत. साध्या कॅमेरा अॅपमध्ये ही सोय नसली, तर ती देणारी फुकट अॅप आहेत.

आवाज मी वेगळा घेतो. एक जुना फोन मृदंगाजवळ ठेवून द्यायचा, सुरुवातीला एकदा टाळी वाजवायची आणि नंतर टाइमलाइनवर त्या टाळीचे दोन उंचवटे एकाखाली एक आणायचे. इथे एक मेख आहे. फोनचा व्हिडिओ पुष्कळदा ठरलेल्या गतीने चालत नाही, फ्रेम मागेपुढे होतात. पहिल्या मिनिटाला जुळलेला मृदंग विसाव्या मिनिटाला हातापुढे धावतो. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून फुटेज एकदा स्थिर फ्रेमरेटवर काढून घेतलं, की हा त्रास संपतो.

एडिटिंग मी दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत करतो. तीत अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं आणि हौशी माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही. लॅपटॉप दमत असेल तर प्रॉक्सी करून घ्याव्यात, म्हणजे कमी आकाराच्या नकलांवर काम करायचं आणि शेवटी मूळ फुटेजवरून फाइल काढायची. एवढ्यानेच जुनं मशीनही मुकाट चालतं.

कट कुठे मारायचा, हे मात्र मशीन सांगत नाही. चित्रपट-संपादक वॉल्टर मर्च यांनी 1995 साली आलेल्या आपल्या पुस्तकात चांगल्या कटाच्या सहा कसोट्यांना टक्केवारी दिली आहे. त्यात भावनेला 51 आणि लयीला 10. नमन कापताना मला हे फार पटतं. मृदंगाच्या प्रत्येक थापेवर कट मारायचा मोह होतो, पण खेळ्यांची पावलं पूर्ण गोल फिरून येईपर्यंत थांबलं तरच त्या फेराचा अंमल चढतो. गवळणीत मावशी बोलते तेव्हा मी कॅमेरा तिच्यावरून लवकर हलवत नाही. लोकांचं हसू आधी नुसतं ऐकू येऊ देतो, माणसं नंतर दाखवतो. मुंबईतल्या माणसाला त्या हशात आपल्या काकाचा आवाज ओळखू येतो. त्यावर सिनेमाचं गाणं चढवणं मला अजिबात पसंत नाही. यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो ते वेगळंच. मृदंग झाकला जातो, ही खरी हानी.

आता पोचवण्याचं. सर्वांत स्वस्त आणि भरवशाची वाट अजूनही पेन ड्राइव्हच आहे. 32 जीबीचा चार-पाचशे रुपयांत मिळतो, चाळीत या खोलीतून त्या खोलीत फिरतो आणि नेट संपायची भीती नाही. पण टीव्ही जुना असेल तर तो पुष्कळदा फक्त फॅट-32 ओळखतो, आणि त्यात 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजे 1 मेगाबाइट, असा हिशेब धरला तर मिनिटाला 60 मेगाबाइट आणि तासाला 3.6 जीबी होतात. 1080च्या चित्राला हा दर मानवतो. म्हणून माझं नमन तासाच्या आतल्या तुकड्यांत असतं: गण, गवळण, संकासुर, वग. ही विभागणी टीव्हीने लादलेली असली तरी लोकांना ती आवडते. आजीला थेट गवळण लावता येते.

फाइल एमपी-4, कोडेक एच.264, रंग 8 बिट. एच.265ने फाइल आणखी लहान होते, पण जुने टीव्ही ती उघडत नाहीत. फोनचं एचडीआरही शूटिंगआधीच बंद करावं, नाहीतर साध्या टीव्हीवर गुलाल फिका पडतो. फोर-केचा आग्रह धरणाऱ्यांना मी आकडे दाखवतो: 1080च्या चित्रात सुमारे 20 लाख ठिपके, फोर-केत सुमारे 83 लाख. तेवढेच बिट चौपट ठिपक्यांत वाटले, तर कुणाचंच पोट भरत नाही.

ज्यांच्याकडे टीव्हीवर नेट आहे त्यांना यूट्यूबचा अनलिस्टेड दुवा देतो. दुवा असेल त्यालाच व्हिडिओ दिसतो. खेळातली पोरं गावची, घरची आहेत, त्यांना सगळ्या जगासमोर ठेवायचं का, हे त्यांनी ठरवायचं. यूट्यूबवर चढवताना 1080ची फाइल 1440 करून दिली तर तिकडून चित्र जास्त स्वच्छ येतं, हा अनुभव आहे. व्हॉट्सअॅपवरच हवं असेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. 2 जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. गूगल ड्राइव्हच्या फुकट 15 जीबीत मेल आणि फोटोही येतात, त्यामुळे तिथे दुवा दिला की पंधरा दिवसांत फाइल काढून टाकण्याचं आधीच सांगून ठेवतो.

हे सगळं फार जुनं नाही. सोनी आणि पॅनासॉनिकने 2006 साली एव्हीसीएचडी आणलं, त्यात साध्या डीव्हीडीवर अर्ध्या तासाच्या आसपास एचडी मावायचं. पण ते बघायला ब्लू-रे प्लेअर हवा, आणि गावात तो कुणाकडे असणार? कॅमेरा एचडी आणि घरोघर पोचायचं ते 720 बाय 576चं, असा तो काळ. त्याही आधीची नमनं मिनीडीव्हीच्या कॅसेटींत पडून आहेत, आणि सध्या मी त्यांच्यामागे लागलोय. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, 13 जीबी होतात, फायरवायरची सोय असलेला संगणक आणि चालता कॅमकॉर्डर लागतो. दोन्ही दरवर्षी दुर्मिळ होताहेत. वाडीत कुणाच्या कपाटात अशा कॅसेटी असतील तर गणपतीला येताना घेऊन या, असा निरोप मी सगळ्या मंडळांना धाडला आहे. कॅसेट त्याच दिवशी परत मिळेल, आणि सोबत पेन ड्राइव्हही.