गोल्फच्या काठ्या आणि घरखर्च

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अद्यापि ‘गोल्फ क्लब’च म्हणतात, खेळतात मात्र तेथे क्रिकेट. गोल्फचे वेड आमच्या स्नेहमंडळींत आता नव्याने शिरले आहे, आणि त्यामागोमाग खरेदीचे. एक म्हणतो, वजनदार काठी फिरवावी. दुसरा मनगट आवळणारा पट्टा आणतो. तिसऱ्याचा उपदेश, मान हलवू नये!

आमच्या मते पट्ट्यापेक्षा शिक्षक बरा. काठीचा चेंडूस स्पर्श होतो तो सेकंदाच्या सुमारे दोनहजाराव्या भागापुरता. तेवढ्यात उपदेश आठवावयाचा कोणी? अंगी मुरलेली सवयच तेथे कामास येते, व ती एका वेळी एकाच सूचनेने मुरते. शिवाय असले पट्टे प्रत्यक्ष डावात वापरण्यास नियमांची मनाई आहे. काठ्याही १४ हून अधिक चालत नाहीत; अमेरिकेत हा निर्बंध १९३८ साली आला. नवशिक्यास त्यांच्या निम्म्याही पुरतात.

परंतु एकत्र कुटुंबात प्रश्न निराळाच उठतो. शिवणयंत्राच्या दुरुस्तीस नाही म्हणणाऱ्या सामाईक पेटीतून काठ्यांचा संच कसा निघतो, असे एका घरच्या थोरल्या वहिनींनी विचारले. दीरांनी तूर्त उसन्या काठ्या आणल्या आहेत.