दाखल्यावरच्या १ जूनला

प्रिय १ जून,

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, की तू भेटतोसच. पाटोदा घ्या, शिरूर कासार घ्या, धारूर घ्या नाहीतर वडवणी. जन्मतारखेच्या रकान्यात अंकी तू, त्याच्याखाली अक्षरीही तूच. साल तेवढं बदलतं. काही पानांवर तर वरच्या नावापासून खालच्या नावापर्यंत एकाच शाईत, एकाच वळणात तू ओळीनं उतरलेला दिसतोस. माझ्याही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तूच आहेस, म्हणून तुला चार शब्द लिहायचा माझा हक्क आहे, असं मी धरून चालतो.

लोक तुझ्यावर हसतात. तू उजाडलास की सकाळपासून मोबाईलवर ‘एक जूनवाल्यां’ना शुभेच्छांचा पूर येतो. आदल्या दिवशी, ३१ मेला, कचेऱ्या-शाळांतून निरोपसमारंभांची रांग लागलेली असते, कारण महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. गुरुजींनी अंदाजानं मांडलेली तारीख माणसाला पेन्शनीपर्यंत सोडत नाही. मला मात्र त्या हसण्यात सामील होता येत नाही. तू कुणाच्या पदरी का आलास, हे मला माहीत आहे.

तू येण्याआधी आमच्याकडं जन्माचा दिवस माहीत नव्हता, असं कुणी समजू नये. तो सणाला बांधलेला होता. थोरला पोळ्याच्या आदल्या दिवशीचा, मधवी महालक्ष्म्या बसल्या त्या दुपारची, धाकटा येळवशीचा, सगळे वनभोजनाला शेतात गेलेले असताना झालेला. साल सांगायचं तर पोलीस ॲक्शनचं, नाहीतर बहात्तरच्या दुष्काळाचं. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या रात्री, गणपती बुडवून माणसं परतली तेव्हा जन्मलेली लेकरंही आहेत. ती रात्र १९९३ सालची, २९ सप्टेंबरची, हे त्यांच्या आयांना कुणी सांगावं लागलं नाही. शिवरात्रीला झालेल्या पोराचं नाव वैजनाथ ठेवलं की परळीचा देव आणि जन्माची तिथी, दोन्ही एकाच हाकेत यायची. ही सगळी माहिती पक्की होती. शाळेच्या रकान्यात ती बसत नव्हती, एवढंच.

मग जूनमध्ये लेकरू शाळेत नेलं, की गुरुजी विचारायचे, तारीख काय? बाप म्हणायचा, लिहा तुम्हीच. शाळा जूनमध्ये भरणार, पोराचं वय भरलेलं दिसायला हवं, तेव्हा सोयीची तारीख तू. गुरुजींना मी दोष देत नाही. तारखेवाचून पोराला परत पाठवण्यापेक्षा त्यांनी तुला लिहिलं आणि पोराला वर्गात घेतलं. पुढं शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यानंही तेच मान्य केलं: वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. त्या दयेतूनच तू टिकलास.

आता ज्या लेकरांसाठी हे पत्र लिहायला घेतलं, त्यांच्याकडं येतो.

राज्यात सर्वांत जास्त ऊसतोड मजूर आमच्या जिल्ह्यातून जातात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की टोळ्या हलू लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माघारी यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ज्या लेकरांचा वाढदिवस येतो, त्यांची निम्मी गावं तेव्हा रिकामी असतात.

सणात वाढदिवस आला की मुलांची तक्रार सगळीकडं सारखीच असते. सणाचा आणि वाढदिवसाचा मिळून एकच कपडा. शाळेला सुट्टी, म्हणून वर्गात गोळ्या वाटायच्या राहतात. मित्र मामाच्या गावाला गेलेले. पुण्या-मुंबईतली मुलंही हेच म्हणतात आणि त्यांचं खरंच आहे. आमच्याकडं मात्र गोष्ट याच्या पुढं जाते. इथं घरात आईच नसते.

मी पाहिलेलं एक औक्षण तुला सांगतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा मुलीचा वाढदिवस. आजीनं पाट मांडला, ताटात निरांजन, सुपारी, आणि सोन्याची अंगठी नाही म्हणून हळद लावलेलं एक रुपयाचं नाणं. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. त्यात आई, उसाच्या फडात. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण उसाचं पातं हात चिरतं. मागं ट्रॉली भरायची घाई, कुणीतरी मोळी टाकायला हाका मारतंय. आजीनं ताट फिरवायला घेतलं आणि चित्र थांबलं. आवाज तेवढा येत राहिला, “ओवाळा, ओवाळा, मी बघतेय.” आजीला फोनमधलं काही कळत नव्हतं, ती हात थांबवून बसली. मुलगीच म्हणाली, “आजी, थांबू नको, तिला खेप भरायचीय.”

या मुलीचा वाढदिवस आईसोबत होणार की फोनवरून, हे तिच्या हातात नाही आणि आईच्याही नाही. ते ठरतं मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या मंत्री समितीच्या बैठकीत, गाळप हंगामाची तारीख पक्की होते तेव्हा. २०२२ साली हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू करायचं ठरलं आणि लक्ष्मीपूजन होतं २४ला. २०२३ साली हंगाम १ नोव्हेंबरचा, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरचं. दोन्ही वर्षी दिवाळी पाचटाच्या कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत. २०२४ साली तारीख १५ नोव्हेंबरची पडली, तेव्हा दिवाळी घरात मिळाली. त्या बैठकीत उसाचा विचार होतो, साखरेच्या उताऱ्याचा होतो, कारखान्यांचा होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्या टेबलावर कुणी कधी लेकरांची दिवाळीही मांडावी, एवढं मला मनापासून वाटतं.

आणि इथं, १ जून, तुझी वेगळीच बाजू दिसते. तू उन्हाळ्याच्या सुट्टीत येतोस. शाळा बंद म्हणून वर्गात तुझं नाव कुणी घेत नाही, खरं. पण त्या दिवशी आई घरी असते. लग्नसराई आटोपत आलेली, मृग लागायला आठवडाभर अवकाश, नांगरट झालेली, नवी उचल अजून घेतलेली नाही. वर्षातल्या ज्या थोड्या दिवसांत आमच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातल्या घराघरांत सगळी माणसं एका ताटाशी बसतात, त्यांतला तू एक. खरी तारीख आईशिवाय जाते आणि गुरुजींनी मनानं लिहिलेली तारीख आईसोबत येते. हे गुरुजींच्या मनात असेल असं मी म्हणत नाही. पण घडतं असं.

म्हणून तुला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तरी कागदावरून तू जावंस, असंही मला वाटतं. त्याचं कारण सरळ आहे. जे लेकरू कोपीत जन्मतं, त्याची नोंद जिथं जन्मलं तिथंच व्हावी लागते, आईबापाच्या गावी नाही. म्हणजे परक्या गावच्या ग्रामपंचायतीकडं एकवीस दिवसांच्या आत जायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर दवाखाना कळवतो. कोपीतच झालं तर बापाला जावं लागतं, आणि बाप गेला की त्या दिवसाचा खाडा पडतो. एकवीस दिवस उलटले की विलंबशुल्क, तीस दिवस उलटले की लेखी परवानगी, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. एवढे जिने चढण्यापेक्षा पुढं शाळेत तू आहेसच, असं म्हणून माणसं गप्प बसत आली.

आता तसं चालणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा २०२३ साली बदलला. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. ही मुलं २०२९च्या सुमाराला पहिलीत येतील. रजिस्टरमधले तुझे दिवस तेव्हापासून भरत येतील. मला भीती तुझी नाही, त्या रकान्याची आहे. जिथं आजवर निदान तू होतास, तिथं उद्या कोपीत जन्मलेल्या पोरीपुढं काहीच नसेल, आणि मग दाखल्यासाठी सांगली-बेळगावचे हेलपाटे सुरू होतील. म्हणून माझं मागणं त्या फडांजवळच्या ग्रामपंचायतींकडं आहे, कारखान्यांकडं आहे आणि मुकादमांकडंही आहे: हंगामात तळावर जन्मलेल्या प्रत्येक लेकराची नोंद एकवीस दिवसांत तळावर येऊन करा, बापाचा खाडा न पाडता. टोळीत किती कोयते आहेत, कुणाकडं किती उचल फिरते, हे वहीत रोजच्या रोज लिहिलं जातं. त्याच वहीत एक जन्म लिहायला जागा निघेल.

गावात मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही २०२१ पासून आहे. तिथल्या अधीक्षकांनी हजेरीपटाशेजारी खऱ्या वाढदिवसांचा एक कागद टांगावा. गुळशेंगदाण्याचा लाडू आणि चार पोरांच्या टाळ्या, एवढं कुठल्याही वसतिगृहाला परवडतं. ज्या लेकराला आपला दिवस कुणाला तरी माहीत आहे हे कळतं, ते लेकरू अभ्यासालाही वेगळं बसतं, हे शिक्षकांनी मला सांगायची गरज पडलेली नाही; मी त्या लेकरांतलाच होतो.

आणि तू, १ जून, कागदावरून उतरलास तरी आमच्या घरांतून जाऊ नकोस. ज्या आयांच्या लेकरांचे वाढदिवस फडात गेले, त्यांनी तुझ्या दिवशी त्यांना पाटावर बसवावं, स्वतःच्या हातानं ओवाळावं, पुरणाची नाही जमली तर साधी गूळपोळी करावी. दाखल्यावर कुठलीही तारीख असो. त्या एका दिवसासाठी कुणाला मंत्री समितीच्या बैठकीकडं डोळे लावून बसावं लागत नाही.

तुझ्याच तारखेचा,
एक बीडकर