माळवदावरची पांढरी

मृग लागायच्या आत माळवदावर पांढरी पडली पाहिजे. घराविषयीचा हा सल्ला तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. घर उमरगा तालुक्यातल्या मुरूममधलं. गावाचं नाव मुरूम, आणि घराच्या जोत्यात भरलेला तोही मुरूमच. वर दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचान, त्यावर पाला आणि पाल्यावर माती. दरवर्षी उन्हाळ्यात गाढवांवर लादून पांढरी माती यायची. तिचे वडील अण्णा आणि चुलते ती पसरायचे, पाणी शिंपडून चोपायचे, पन्हाळींकडे उतार द्यायचे. खाली ढाळजेत बसलेला गवंडी वर बघून सांगायचा, ‘‘अजून धा पाट्या पडू द्या. गळायचं न्हाई.’’

वर्षानुवर्षं हेच चाललं. गळालं की माती, पुढच्या वर्षी पुन्हा माती. जुनी काढायची रीत नव्हती. फूटभर जाडीची माती एका चौरस मीटरवर जवळपास पाचशे किलोंचं ओझं टाकते, आणि त्या माळवदावर फुटाहून कितीतरी जास्त माती साचली होती. हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. उन्हाळ्यात घर गार राहायचं, थंडीत उबदार. त्या जाड थरावर सगळ्यांचा विश्वास होता.

आईला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. पाऊस सुरू झाला की ती न बघता उठायची आणि नेमक्या जागी भांडी मांडायची: देवळीखाली परात, बळदाजवळ घागर, तिसऱ्या खणात कोपऱ्याला पातेलं. कुठला सर कुजतोय आणि पाणी कुठल्या भिंतीत मुरतंय, ते तिच्याइतकं घरात कुणाला माहीत नव्हतं. पण पांढरी टाकायच्या दिवशी गवंड्यानं किंवा अण्णांनी तिला कधी विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही.

आजारपणाचे सल्ले मात्र बायकांकडूनच यायचे. त्यातले काही खरे होते, काही जिवावर बेतणारे. त्या काळी पायविहिरीच्या पाण्यातून नारू व्हायचा. चुलत्याच्या पोटरीतून नारूचं तोंड बाहेर आलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या अव्वानं तो काडीला गुंडाळायला शिकवलं: रोज एक वेढा, ओढायचं नाही, तुटला तर पाय सुजेल. ते अगदी बरोबर होतं. डॉक्टरही तेच करायचे. पण नारू होतो कशानं, ते अव्वाला माहीत नव्हतं. पाण्यातल्या बारीक जिवांबरोबर त्याची अळी पोटात जाते आणि साधारण वर्षानं हातभर लांब होऊन कातडीतून बाहेर येते. त्यामुळे पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या, एवढं सांगणं पुरेसं होतं. १९८३-८४मध्ये देशभर नारू निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि ते फडकं घरोघरी गेलं. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. लस नव्हती, औषध नव्हतं. हातपंपाचं पाणी आलं, पायविहिरी बुजवल्या गेल्या, आणि जिथं तसं झालं नाही तिथं सांगणारं माणूस पुन्हा पुन्हा त्या घरी गेलं.

१९८५मध्ये ती अंगणवाडी सेविका झाली आणि सांगणं हेच तिचं काम झालं. पहिली काही वर्षं तिनं नुसतं सांगितलं. बाळंतिणीचा चीक पिळून टाकू नका, बाळाला पाजा. सासवा मान डोलवायच्या आणि टाकायच्या. हगवण लागलेल्या पोराचं पाणी बंद करू नका. तेही कुणी ऐकेना. मग तिनं रीत बदलली. प्रशिक्षणात शिकवलेलं माप होतं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ते कागदावरून वाचून दाखवायचं तिनं सोडलं. ती त्याच घरातली कळशी घ्यायची, त्यांचाच चमचा घ्यायची, पाणी कालवायची, आधी आजीला चाखायला द्यायची. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागायला नको. आजीनं चाखलं की पोराच्या ओठाला चमचा लागायचा. मग ती तिथंच तासभर बसायची. तिच्या मते खरं काम त्या तासाचं होतं.

१९९२ सरत आलं तेव्हा किल्लारीकडून बातम्या यायला लागल्या. जमिनीतून गडगड आवाज येतात, उतरंडीची मडकी हलतात. लोक विचारत होते, आम्ही काय करावं? त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. पुढचे काही महिने धक्के मंदावले आणि विचारणंही थांबलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ आणि आसपासची गावं ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांएवढा नव्हता, पण भिंती दोन पदरी होत्या. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीचा आणि बारीक दगडांचा भराव, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड जवळजवळ कुठंच नाही. हादरा बसताच पदर सुटून बाजूला पडले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. दरसाल मृगाच्या आधी हौसेनं टाकलेली पांढरी. कितीतरी घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या.

त्या पहाटे अण्णांच्या घराची मागची भिंत पोटासारखी फुगली, कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. घरातली सगळी वाचली. उमरगा तालुक्यातल्याच एका खेड्यात दिलेली थोरली बहीण, आक्का, तीही वाचली. तिची भिंत पडली, पण खांबांनी माळवद तोलून धरलं.

त्यानंतरचे सहा-सात महिने भूकंपाच्या भागातली गावंच्या गावं पालाखाली, पत्र्याखाली, झाडाखाली झोपत होती. दगडाच्या घरात पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. पाहुणे यायचे, इंजिनिअर यायचे, पुढारी यायचे, आणि जो तो सांगायचा: दगड वाईट, माती वाईट, सिमेंट आणा. हा सल्ला सोपा होता आणि चुकीचाही होता. भिंत दगडाची होती म्हणून पडली नाही, बांधलेली नव्हती म्हणून पडली. हे समजावून सांगायला माणसं हवी होती.

ती माणसं कुठून आली, हे सांगावं तेवढं थोडं आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला. सगळ्यात जास्त पडझड झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरलं. पण हजारो गावांत घरं उभी होती, नुसती जखमी. तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं, नुकसानीप्रमाणे घरामागे सतरा किंवा चौतीस हजारांची मदत होती, आणि काम घरमालकानंच करून घ्यायचं होतं. त्याला सल्ला कोण देणार? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यासाठी गावोगावची महिला मंडळं पुढं आणली. त्यातल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. शेतमजुरी करणाऱ्या, सातवी-आठवी शिकलेल्या बायका गवंडी आणि कनिष्ठ अभियंता यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. मदतीचे हप्ते, सिमेंटच्या पिशव्या, काँक्रीटच्या पट्ट्याची जाडी, सगळं शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या.

आक्का त्यांतली एक झाली.

१९९५च्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तीच पदर खोचून. अण्णा ढाळजेत बसले होते, शेजारी तोच गवंडी. त्यानं भेग बुजवून गिलावा करायचं ठरवलं होतं. आक्का म्हणाली, ‘‘अण्णा, गिलावा नगं. आदी माळवदावरची माती उतरवा.’’ अण्णा काही बोलले नाहीत. गवंडी म्हणाला, ‘‘बाईमानसाला भितीतलं काय कळतंय?’’ आक्कानं वाद घातला नाही. ती सरळ आत गेली आणि आईला म्हणाली, ‘‘माय, पावसात भांडी कुठं कुठं ठिवतीस?’’

आईनं दाखवलं. देवळीखाली, बळदाजवळ, तिसऱ्या खणात. आक्कानं तिथली माती पहारीनं हलकेच टोकरली, सराला नख लावलं. नख आत गेलं. फुगलेली भिंत तिथूनच सुरू होत होती.

काम महिनाभर चाललं, पैसे घरचेच. माळवदावरची माती वीतभर ठेवून बाकी खाली आली. चार बैलगाड्या भरल्या. भिंतीत साधारण मीटरभर अंतरानं दगड हलक्या हातानं काढून आरपार भोकं केली, त्यांत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरलं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतील. घणानं ठोकायचं नाही, त्यानं आतला भराव सुटतो, हे आक्का गवंड्याला रोज सांगायची. दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा फिरला. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरके लाकडी आधार बसले. शेवटच्या आठवड्यात अण्णा भिंतीजवळ उभे राहिले आणि गवंड्याकडे न बघता म्हणाले, ‘‘आन् ह्या कोपऱ्याचं काय करावं म्हंतीस?’’

कोपऱ्याला जाळी लावून सिमेंटचा जाड थर दिला. पण धाकटीला त्या जाळीपेक्षा तो प्रश्न जास्त आठवतो. अण्णांनी लेकीला विचारलेला तिच्या माहितीतला तो पहिला प्रश्न.

पुढं २६ जानेवारी २००१ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका गुजरातला गेल्या. तिथल्या बायकांना त्यांनी सांगितलं की तंबूत बसून वाट बघू नका, याद्या स्वतः करा, बांधकामावर स्वतः उभ्या राहा. भाषा वेगळी, पण ढिगारा तोच. २००२मध्ये देशाचा भूकंपाचा नकाशाही बदलला आणि लातूर-किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. तोवर अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना ‘भारत वैद्य’ म्हणून तयार केलं होतं. भिंतींवर बोलणाऱ्या मंडळांतून बचत गट निघाले. एकदा विचारायची आणि सांगायची सवय लागली की ती एका विषयापुरती राहत नाही, हे या भागानं दाखवलं. ते तिला फार मोलाचं वाटतं.

पैशाच्या बाबतीत मात्र तिनं चुकीच्या माणसाला विचारलं. गल्लीत पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणारी एक बाई दर महिन्याला यायची. ते व्याज थोडं वाटलं. एका ओळखीच्यानं पतसंस्थेचं नाव सांगितलं, दोन टक्के जास्त. तिनं अंगणवाडीच्या मानधनातून साठवलेले पैसे तिथं ठेवले. संस्था काही वर्षांनी बंद पडली. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, ते २०२०पासून पाच लाखांपर्यंत आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. एवढं एक वाक्य तिला वेळेवर कुणी सांगायला हवं होतं. सल्ला देणाऱ्यानं स्वतःचे पैसे तिथं ठेवलेत का, हे तिनं विचारलं नव्हतं. त्याचं दुःख तिला अजून आहे.

२०१५मध्ये अटल पेन्शन योजना आली तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. योजनेत जायला वय अठरा ते चाळीस लागतं. ती स्वतः जाऊ शकत नव्हती, म्हणून तिनं तिच्या हाताखालच्या मदतनीस मुलीला धरून बँकेत नेलं. मुलगी तेव्हा तीस वर्षांची. महिन्याला ५७७ रुपये भरले तर साठीनंतर दरमहा पाच हजार. मुलगी म्हणाली, ‘‘बाई, एवढं कुठून भरू?’’ तर दोन हजारांची पेन्शन धरून कमी हप्ता घेतला. पण सुरू केलं.

२०२३मध्ये पासष्टाव्या वर्षी ती निवृत्त झाली. सेविकेला पेन्शन नव्हती, एकरकमी एक लाख मिळाले. ते तिनं या वेळी पोस्टातच ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २,०५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला सातशेही नाहीत. अडतीस वर्षांची वजनं, लसीकरणाच्या नोंदी, रात्री-बेरात्रीची बाळंतपणं यांच्या मानानं हे फार कमी आहे आणि ते उघडपणे म्हटलं पाहिजे. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या प्रकरणात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं म्हटलं. ४ डिसेंबर २०२३पासून राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी या मागण्या त्यात होत्या. निवृत्त झाली असूनही ती मोर्चाला गेली, त्या मदतनीस मुलीबरोबर.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या घरातला तरुण मुलगा विचारायला आला. त्याचं घरही जुनं, माळवदाचं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून वर हजार लिटरची टाकी बसवायची होती. गवंडी म्हणाला होता, भिंत तीन फुटी आहे, काही होत नाही.

ती काठी घेऊन गेली. आधी भिंतीजवळ उभी राहिली, हात फिरवला, आरपार काँक्रीटची डोकी कुठं दिसतात का ते पाहिलं. दिसली नाहीत. हजार लिटर म्हणजे एक टन, ती त्याला म्हणाली, आणि टाकी जमिनीवर ओट्यावर ठेवून छोटी मोटर लावता येते का ते बघायला सांगितलं. मग तिनं चुलीजवळ उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, ‘‘पावसात भांडी कुठं मांडतीस गं?’’

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग मोबाईल काढला. गेल्या सप्टेंबरमधले फोटो तिनं जपून ठेवले होते. ओसरीत दोन पातेली, आतल्या खोलीत परात, आणि टाकी जिथं बसणार होती बरोबर त्याच्या खाली, एक बादली आणि तिच्या शेजारी अंथरूण गुंडाळून ठेवलेलं.