भोंग्यानंतरचे मैदान

जबलपूर स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला नुसते ‘फॅक्टरी’ सांगून भागत नाही. ‘कौनसी?’ हा प्रश्न ठरलेला. तोफांचे गाडे बनवण्यासाठी इंग्रजांनी १९०४ साली सुरू केलेली गन कॅरेज फॅक्टरी इथलीच, लष्करी ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी इथलीच आणि ओतकामाचा कारखानाही इथलाच. खमरिया म्हटले की मात्र रिक्षावाला एकदा मागे वळून बघतो, भाडे सांगतो आणि शहराच्या पूर्वेला निघतो. अंतर दहा-बारा किलोमीटरांचे. वाटेत रांझीचा बाजार लागतो. कारखान्यांच्या पगारावर वाढलेला हा बाजार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा देत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात उधारीच्या वह्या उघडतो.

रांझी मागे पडली की गजबज एकदम ओसरते. झाडांची सावली सुरू होते, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा दिसू लागतात. प्रत्येकापुढे हातभर बाग, एखादा पेरू, एखादा शेवगा. ज्यांनी पुण्याची खडकी, नागपूरची अंबाझरी किंवा भुसावळजवळचे वरणगाव पाहिले आहे, त्यांना ही वसाहत ओळखीची वाटेल. वस्तीचे भाग इंग्रजी नावांनीच ओळखले जातात : ईस्ट लँड आणि वेस्ट लँड. नव्या पिढीला त्यात काही वेगळे वाटत नाही. पत्रेही त्याच नावांनी येतात.

कारखाना उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२च्या सुमाराला. जपानी फौजा ब्रह्मदेशात पोचल्या होत्या. दारूगोळा करायचा तर तो समुद्रकिनाऱ्यापासून दूर, देशाच्या पोटात करायला हवा होता. जबलपूरला रेल्वे तर आधीपासूनच होती. मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे दोन लोहमार्ग १८७० साली इथेच जुळले. शिवाय मोकळी जमीन होती, पाणी होते. मग माणसे आली. बंगालमधून आली, केरळातून आली, पंजाबातून आली, आणि विदर्भ-खानदेशातूनही आली. मराठी माणसाला जबलपूर परके नव्हतेच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे होता आणि १९५६पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती.

कारखान्याच्या आत अर्थातच जाता येत नाही. पण दारूगोळ्याच्या कारखान्याची शिस्त बाहेरच्या माणसालाही साधारण ठाऊक असते. काडेपेटी दारातच काढून ठेवायची. इमारती एकमेकींपासून लांब, मध्ये मातीचे उंच बांध, म्हणजे एकीत काही झाले तर दुसरी वाचावी. अंगावरची स्थिर वीज उतरवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. इथे घाई म्हणजे जिवाशी खेळ. तरी अपघात होतातच. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या स्फोटात इथल्या कामगारांचे जीव गेले. अशा दिवशी वसाहतीतल्या प्रत्येक दारात बाई उभी असते, आणि कुणाचे नाव येते याकडे सगळ्यांचे कान असतात.

ही वसाहत खरी समजते ती भोंगा झाल्यावर. पाळी सुटते, सायकली आणि स्कूटर फाटकातून लोंढ्यासारख्या बाहेर पडतात, आणि अर्ध्या तासात मैदाने भरतात. जबलपूर हे खरे हॉकीचे गाव. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंह यांचा जन्म इथला. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स यांची मोठी केंद्रे शहरात असल्यामुळे लष्करी खेळांचे वळण जुनेच. पण आयुध निर्माणींचे मुख्य कार्यालय कित्येक दशके कलकत्त्याला होते. बंगाली बाबूंनी येताना दुर्गापूजा आणली तसा फुटबॉलही आणला. मोहनबागान की ईस्ट बंगाल, हा वाद खमरियातल्या चहाच्या टपरीवर हुगळीच्या काठाइतक्याच जोरात होऊ शकतो.

अशा कारखान्याचा संघ कसा तयार होतो, हे पाहण्यासारखे आहे. विकत घेण्याचा प्रश्नच नसतो. सरकारी नियमाप्रमाणे क वर्गाच्या भरतीत थोड्या जागा खेळाडूंसाठी ठेवता येतात, स्पर्धांना जायला विशेष रजा मिळते. वैभव म्हणायचे ते एवढेच. पोरगा विशीत लागतो, फिटर नाहीतर मजूर म्हणून. दिवसा काम, संध्याकाळी सराव, वर्षातून एकदा दुसऱ्या निर्माणींशी सामने. बत्तिशीत गुडघे बोलू लागतात, पण नोकरी साठीपर्यंत असते. तो जातो कुठे? त्याच क्वार्टरमध्ये राहतो, त्याच मैदानावर येतो आणि शिट्टी तोंडात धरून पोरांना पळवतो. लोणचे मुरावे तसा संघ मुरत जातो.

या पद्धतीचे गोडवे गाताना तिचे दोषही सांगितले पाहिजेत. नोकरी पक्की झाली की पोट सुटते. जागा जाण्याची भीती नसलेला बचावपटू परत मागे धावायला कंटाळतो. वशिल्याने लागलेला ‘खेळाडू’ हा तर सरकारी खात्यांतला जुनाच विनोद. धीर आणि आळस हे एकाच बाकावर बसतात, आणि लांबून बघणाऱ्याला कोण कुठला ते कळत नाही.

आता संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या पोरांच्या अंगात मात्र माद्रिदचे आणि मँचेस्टरचे सदरे असतात. त्यांच्या गप्पा ‘कोण कसे खेळले’ यापेक्षा ‘कुणाला कितीला घेतले’ याच्या जास्त. या बाजाराचे दार १५ डिसेंबर १९९५ रोजी उघडले. झाँ-मार्क बोस्मन हा बेल्जियमचा साधा खेळाडू. करार संपला तरी जुना क्लब पैसे मागत होता, म्हणून त्याला फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबात जाता येईना. तो न्यायालयात गेला. युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपला की खेळाडू मोकळा; त्याच्यासाठी कुणी कुणाला दमडी द्यायची नाही. न्याय झाला, यात शंका नाही. माणूस काही बैल नव्हे, दावणीला बांधायला.

पण त्या न्यायाची किंमत भलत्यांनीच मोजली. अ‍ॅमस्टरडॅमच्या अयाक्स क्लबने त्याच वर्षी मे महिन्यात बलाढ्य मिलानला हरवून युरोपचा सर्वोच्च चषक जिंकला होता. संघातले बरेचसे खेळाडू क्लबच्या स्वतःच्या शाळेत लहानपणापासून वाढलेले. विजयी गोल मारणारा पॅट्रिक क्लायव्हर्ट तर अठरा वर्षांचा. निकालानंतर १९९६ साली एडगर डाव्हिड्स गेला, मायकेल रायझिगर गेला आणि पुढच्या वर्षी क्लायव्हर्टही गेला. तिघेही मिलानला, ज्यांना हरवले त्यांच्याकडेच, आणि करार संपल्यामुळे फुकट. वर्षानुवर्षे खत घातलेल्या झाडाचे आंबे शेजाऱ्याने टोपलीभर नेले.

आपल्याकडे कायदा नव्हता तेव्हाही हे चालतच होते. कलकत्त्यात दलबदलाच्या हंगामात खेळाडूंना पळवून, लपवून ठेवण्याचे किस्से अजून चवीने सांगतात. महाराष्ट्राची गोष्ट जरा निराळी आणि जास्त बोचणारी आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या हाताखाली २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. पैसा होता, तसे सांभाळणेही होते. २०१० साली कंपनीने संघच बंद केला. परेरा त्याआधीच पुणे एफसीकडे आले होते. २००७ साली निघालेल्या या क्लबाने देशाच्या वरच्या लीगमध्ये पहिल्याच वर्षी तिसरा क्रमांक मिळवला, २०१२-१३मध्ये दुसरा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देहूरोडजवळ मामुर्डीला मुलांची प्रबोधिनी काढली. तिथल्या पोरांनी वीस वर्षांखालील राष्ट्रीय लीगही जिंकली. एवढे सगळे थोड्याच वर्षांत घडले. मग दूरचित्रवाणीच्या झगमगाटातली इंडियन सुपर लीग आली, परदेशी म्हाताऱ्या ताऱ्यांवर पैसा ओतला जाऊ लागला, आणि पुणे एफसीचा गाशा गुंडाळला गेला. प्रबोधिनी २०१६ साली एफसी पुणे सिटीकडे गेली. २०१९ साली तोही क्लब बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. मामुर्डीच्या पोरांनी धीर धरला होता, मालकांचा सुटला.

‘पी हळद आणि हो गोरी’ करणाऱ्यांना हसणे सोपे आहे. गोव्याच्या डेम्पोचे उदाहरण मात्र दोन्ही बाजूंना गप्प करते. आर्मांदो कुलासो यांच्या काळात या क्लबाने २००५ ते २०१२ या अवधीत पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. रँटी मार्टिन्स आणि बेटो या परदेशी खेळाडूंवर खर्च केलाच, पण त्यांच्याभोवती क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही घरची मंडळी हंगामामागून हंगाम तशीच ठेवली. खर्च करावा, पण त्याला मुरायला वेळ द्यावा, इतकी ती साधी गोष्ट होती.

खमरियाच्या मैदानावर हा प्रश्न आता उंबरठा ओलांडून घरात आला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले आणि देशातले ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खमरिया आली म्युनिशन्स इंडियाकडे, जिचे मुख्यालय पुण्याला. म्हणजे पूर्वी हुकूम हुगळीवरून यायचे, ते आता मुळा-मुठेवरून येतात. जुन्या कामगारांना सुरुवातीला दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानले गेले, पुढे मुदत वाढत गेली. या कंपनीच्या काही कारखान्यांत नवी माणसे मुदतीच्या कराराने घेतली जातात : आधी एक वर्ष, वाढवत नेऊन जास्तीत जास्त चार. कंपनीच्या हिशेबात हे बरोबरही असेल. कामाच्या मागण्या कमी-जास्त होतात, आणि त्याप्रमाणे हात कमी-जास्त लागतात.

पण चार वर्षांच्या करारावर आलेला पोरगा मैदानाला काय देणार? त्याचा गुडघा दुखावला तर? करार संपल्यावर तो बोस्मनसारखा मोकळा असेल, पण त्याच्यापुढे मिलान उभे नसेल. बत्तिशीनंतर शिट्टी तोंडात धरायला मागे राहणारा माणूस हा पक्क्या नोकरीचा आणि पक्क्या क्वार्टरचा होता. त्याला त्या कामाचा वेगळा पगार कुणी कधी दिला नाही, त्यामुळे तो कुठल्या ताळेबंदात दिसतही नाही. फुटबॉलची जागतिक संघटना एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या सौद्यातले पाच टक्के, खेळाडूला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून देते. वसाहतीतल्या काकांपर्यंत त्यातले काही पोचत नाही.

नोकरीचा आधार नसतानाही धीर टिकतो, असे सांगणारे गाव इथून रेल्वेने काही तासांवर आहे. कटनीवरून शहडोल, आणि त्याच्या जवळ विचारपूर. एके काळी हातभट्टीसाठी ओळखले जाणारे हे आदिवासी गाव. रईस अहमद या प्रशिक्षकांनी तिथल्या पोरांना फुटबॉलला लावले, आणि घरटी खेळाडू सापडावा अशी स्थिती आली. जुलै २०२३मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘मिनी ब्राझील’ म्हणून त्याचा उल्लेख केला, तेव्हा देशाला ते कळले. एका माणसाच्या चिवटपणावर तिथे पिढी उभी राहिली. मात्र दर गावाला असा माणूस मिळेलच याची हमी कोण देणार? कारखान्याची व्यवस्था सामान्य माणसाकडूनही ते काम करून घेत होती, हे तिचे मोल.

खमरियाला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. सकाळी जवळच्या डुमना निसर्ग उद्यानात हरणे पाहावीत, दुपारी शहरात खव्याची जिलबी खावी, भेडाघाट दुसऱ्या दिवसासाठी राखावा. संध्याकाळ मात्र वसाहतीतल्या एखाद्या मैदानाच्या कडेला घालवावी. पाळी सुटलेली असते. टिफिनची पिशवी हँडलला तशीच लटकवून कुणी सायकल भिंतीला टेकवतो, बुटांऐवजी चपला काढून ठेवतो. दोन मोठी पोरे समोरासमोर उभी राहतात आणि आळीपाळीने भिडू मागतात. चांगले आधी जातात. शेवटी एक लहानगा उरतो, तो ज्याच्या वाट्याला येतो त्याचा चेहरा पडतो. त्याला गोलमध्ये उभे करतात. कडेला बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठतात, पोटऱ्या चोळत त्याच्यामागे जातात, आणि हात कसे धरायचे ते त्याला दाखवू लागतात.