दीड नॅनोमीटर

वर्णपटदर्शक घ्यायचा हे ठरायला पाच मिनिटे लागली. कोणता घ्यायचा, यात सहा महिने गेले. विज्ञानाशी माझा संबंध बारावीला सुटला. पुढे तौलनिक साहित्यात एम. ए. केले, आणि गेली वीस वर्षे रायपूरमध्ये बसून हिंदी-इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे. तरी हे खूळ आले ते अनुवादातूनच.

एका लेखाच्या निमित्ताने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची टिपणे वाचत होते. कॅप्टन हेग त्या दिवशी विजापूरला होता, हातात धरायचा साधा वर्णपटदर्शक घेऊन. सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळांच्या वर्णपटात त्याला दोन झळझळीत पट्टे दिसले. एकाचा रंग त्याने फिका सोनेरी सांगितला, दुसऱ्याचा रोझ मॅडर. या मॅडरपाशी मी अडले. गुलाबी म्हटले तर खोटे, लाल म्हटले तर अपुरे. शेवटी मंजिष्ठा आठवली, आजीच्या तेलाच्या बाटलीतली. मॅडर म्हणजे तिचीच युरोपातली बहीण. ‘मंजिष्ठी’ लिहिले आणि समाधानाने चहा केला.

सोनेरी पट्टा मात्र सुटेना. त्याच दिवशी विजापूरच्या नैर्ऋत्येला, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. त्याच्याकडे मोठी दुर्बीण आणि नीट वर्णपटदर्शक होता, पण आभाळ ढगाळ. ढगांच्या फटीतून त्याला तीन रेषा मिळाल्या: लाल, नारिंगी, निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमच्या ‘डी’ रेषेशी जुळवली. ती सोडियमची नव्हती. इंग्लंडमध्ये लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रहणाशिवाय ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि ही पिवळी रेषा ‘डी’च्या शेजारी असली तरी ‘डी’ नाही हे पुढे पक्के झाले. ती हेलियमची. (विजयदुर्गाचे लोक ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून लॉकियरने हेलियम तिथेच शोधला असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आला होता खरा, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. गोष्ट मला आवडते. तारीख तेवढी तीस वर्षांनी सरकवावी लागते.)

सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, हेलियमची ५८७.६ वर. फरक साधारण दीड नॅनोमीटरचा. जवळच्या दोन शब्दांतले अंतर ओळखण्यावर माझे पोट आहे, त्यामुळे हे दीड नॅनोमीटर डोक्यात बसले. आपल्या गच्चीवरून एवढा फरक दिसेल का?

हिशेब सोपा आहे. तरंगलांबीला वेगळ्या काढायच्या अंतराने भागायचे. ५८९ भागिले दीड, म्हणजे सुमारे चारशे. एवढी विभेदनक्षमता हवी. हौशी लोक ज्याने सुरुवात करतात ते स्टार अ‍ॅनालायझर १०० म्हणजे फिल्टरसारखे फिरवून बसवायचे काचेचे जालक, मिलिमीटरला शंभर रेघा. त्याला फट नसते. ताऱ्याचा ठिपका हीच फट. साध्या दुर्बिणीवर त्याची क्षमता शंभर-दीडशेच्या आसपास, म्हणजे चार ते सहा नॅनोमीटरच्या आतले सगळे एकमेकांत मिसळणार. दीड गेले. फट असलेले अल्पी ६०० सारखे उपकरण सहाशेपर्यंत जाते, तिथे दीड सुटते. पण त्याला दोन कॅमेरे, तारा फटीवर धरून ठेवणारी भक्कम मांडणी आणि माझ्या कित्येक पुस्तकांचे मानधन लागते. तिसरा पर्याय डोळ्याने पाहायचा: नेत्रिकेवर बसणारे जालक आणि तारेसारखी बारीक रेघ पसरवून पट्टा करणारे दंडगोलाकार भिंग. मला मनातून हाच हवा होता. हेगसारखे, मध्ये कोणी नको. मूळ भाषेत वाचल्यासारखे.

तो मी घेतला नाही, बाबांमुळे. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात प्रयोगशाळेत होते. नमुन्यावर ठिणगी पाडायची आणि वर्णपटात क्रोमियम किती, मँगनीज किती, हे रेषा पाहून सांगायचे, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. आता वय एक्याऐंशी, आणि दोन्ही डोळ्यांचा मॅक्युला गेलेला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याच्या खांद्यामागचे दार दिसते. नेत्रिकेत रेषा असते नेमकी मध्यभागी, जिथे त्यांना काही नाही. मी तिन्ही पर्याय वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अगं, तुला जे परवडेल ते घे. मला काय त्याचं.” हे वाक्य ऐकल्यावर कोणते घ्यायचे नाही तेवढे कळले.

म्हणून शंभर रेघांचे जालक, छोटा ग्रहांचा कॅमेरा, माझी पाच इंची दुर्बीण, आणि गच्चीवरून जिन्यातून खाली बैठकीतल्या टीव्हीपर्यंत सोडलेली लांब वायर. आमच्या शहराच्या उत्तरेला सिलतरा-उरलाचा औद्योगिक पट्टा आहे. सकाळी गच्ची झाडली की सुपली काळी होते. तेजोमेघ बघायला हे आकाश बेकार, पण ठळक ताऱ्यांचा वर्णपट काढायला चालते. गल्लीच्या टोकाला एक जुना सोडियमचा दिवा अजून टिकून आहे. बाकी सगळीकडे एलईडी आले. तो दुरून ठिपक्याएवढा दिसतो, आणि पहिल्या रात्री मी दुर्बीण त्याच्यावरच लावली. पिवळ्या भागात एक जाड, फुगलेला ढेकूळ. दोन रेषांचा पत्ता नाही. शेजारी हेलियम असता तरी याच ढेकळात बुडाला असता.

मग ज्येष्ठा. संगणकाने रेघ रुंद करून पट्टा केला, खाली आलेख. बाबांनी खुर्ची टीव्हीला काटकोनात फिरवली आणि मान बाजूला करून, कोंबडी दाणा बघते तसे, डोळ्याच्या कडेने पाहायला लागले. पट्टा सलग नव्हता. लाल-नारिंगीत पायऱ्यापायऱ्यांनी खाल्लेला. बराच वेळ बोलले नाहीत.

“या रेषा नाहीत,” म्हणाले. “पट्टे आहेत. म्हणजे धातू नुसता नाही, संयुग आहे.”

टायटॅनियम ऑक्साइड, मी म्हटले. पुस्तकात वाचलेले.

“मग तारा फार तापलेला नाही. तापला असता तर तुटलं असतं.” आणि लगेच, “पांढरा कुठला आहे, तो लाव.”

अभिजित उत्तर-पूर्वेला वर यायला अकरा वाजले. तिथे सलग पट्ट्यात हायड्रोजनचे खड्डे, निळ्याकडे दाटी करत जाणारे. ४८६ चा त्यांनी बोट ठेवून दाखवला, बोट थोडे चुकले, मग कडेने पाहून सरकवले. आईने खालून दोनदा झोपायची आठवण केली.

आता त्यांना अनुराधा नक्षत्रातला मधला तारा हवा आहे. २००० साली तो अचानक उजळला होता. भोवती हायड्रोजनची तबकडी आहे, म्हणून त्याच्या वर्णपटात ६५६ ला खड्ड्याऐवजी उंचवटा दिसतो, तोही आमच्या भरड जालकातून दिसण्याजोगा. रंग विचाराल तर मंजिष्ठी, हेगने पाहिलेली तीच हायड्रोजनची रेषा. जून लागला आहे आणि दुपारपासून दक्षिणेला ढग आहेत. बाबांनी वायर गुंडाळू दिलेली नाही.