गोळी आधी, पीळ नंतर

सुरतेत ट्विस्टिंगच्या खात्यात काम करणाऱ्याला पीळ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जॉर्जेट विणायचे असेल तर धाग्याला मीटरमागे दोन हजारांच्या आसपास पीळ लागतो, साध्या मालाचे काही शेकड्यांत भागते. कापड कोणते हे कळल्याशिवाय मशीनचे गिअर कुणी बदलत नाही. बंदुकीच्या नळीचाही हाच हिशेब, हे मला रावेरच्या मामांमुळे उमगले.

मामांच्या केळीला सातपुड्यातल्या रानडुकरांचा उपद्रव. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही. म्हणून नुसता बार काढून कळप हुसकावायचा. दिवाळीत नळीत गज घालून पुसता पुसता ते म्हणाले, "तू पिळाचा माणूस ना? साहेबांच्या रायफलीच्या नळीत आतून पीळदार आटे असायचे म्हणतात. मग आपल्या नळीत का नाहीत?"

उत्तर शोधताना जेम्स फोर्सिथ भेटला. हा बंगाल सैन्यातला अधिकारी रावेरला लागून असलेल्या निमाड जिल्ह्यात कारभार पाहत होता. शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्यांवर त्याने १८६३ साली पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे: जंगलात जनावर जवळच दिसते, तेव्हा शिशाची जाड गोल गोळी आणि भरपूर दारू हवी, म्हणजे गोळी सरळ आणि जोरात जाते. पण आट्यांचा पीळ घट्ट असेल तर एवढ्या जोरापुढे मऊ शिसे आटे सोडून सरळ घसरते. म्हणून त्याने पीळ फार सैल ठेवला: चौदा बोअरच्या, म्हणजे एका पौंडात चौदा गोळ्या बसणाऱ्या रायफलीला १०४ इंचांत एक फेरा.

गोल गोळीला एवढी थोडी फिरकी पुरते, कारण तिला पुढचे टोकच नसते. लांबट गोळीचे टोक मात्र हवेचा दाब उलटवू पाहतो. ते सरळ ठेवायला तिला जास्त वेगाने फिरावे लागते. वुलविचच्या जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये याचे सूत्र मांडले: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळे इंचांत. अर्ध्या इंचाच्या गोल गोळीला ७५ इंचांत एक फेरा येतो. तेवढ्याच जाडीच्या, इंचभर लांब गोळीला साडेसदतीस इंचांत. दोन्ही चालाव्यात म्हणून कारागीर ४८ इंचांचा मधला पीळ देतात, पण त्यात दोघींनाही थोडी तडजोड करावी लागते.

गोल गोळी थेट आट्यांत बसत नाही. तेल-चरबी लावलेली चिंधी तिच्याभोवती गुंडाळून ठासतात. चिंधीच आटे पकडते आणि गोळीला फिरवते. इथे आमचे सुरती पॉलिएस्टर कुचकामी. बाराच्या उष्णतेने ते वितळून नळीला चिकटेल. घट्ट विणीचे सुतीच हवे.

रात्रपाळीत मी फोर्सिथची गोळी ग्रीनहिलच्या सूत्रात घातली. चौदा बोअरचा व्यास ०.६९३ इंच. कॅल्क्युलेटरवर आकडा आला १०३.९५. सूत्र निघण्याच्या सोळा वर्षे आधी फोर्सिथ जिथे पोहोचला होता, नेमके तिथेच!

मामांना फोनवर सांगितले, "तुम्ही गरज पडली तर छर्रे भरणार. आटे असते तर छर्रे फिरत निघून चौफेर पांगले असते, आणि मधोमध काहीच लागले नसते. छर्ऱ्यांना गुळगुळीतच नळी लागते."

"म्हणजे बनवणाऱ्याला कळत होतं," मामा म्हणाले.

कळतच होते. काय फेकायचे हे त्याने आधी ठरवले होते, नळी त्यानंतर घडवली.