नुसतंच

कोल्हापूरला समुद्र नाही, रंकाळा आहे. तेवढ्यावर आमचं भागतं, असं आम्ही स्वतःला सांगत आलो. रंकाळ्याला चौपाटी आहे, भेळेच्या गाड्या आहेत, संध्याकाळचा वारा आहे, आणि पुरुषांना बसायला कट्टा आहे. 'निवांत' हा शब्द कोल्हापूरच्या माणसाइतका दुसरा कुणी वापरत नसेल. काय चाललंय विचारलं की 'निवांत' म्हणून उत्तर येतं. मात्र हे उत्तर मी बाईच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. बाई रंकाळ्यावर जाते ती पोरांना घेऊन, भेळ खाते ती उभ्यानं, आणि घरी परतते ती भाकरीच्या पिठाचा हिशेब करत.

आमच्यासारख्या घरांतला प्रवास चार कारणांनी होतो. लग्न, मयत, उरूस आणि दवाखाना. मिरजेला तर आम्ही यांतल्या दोन कारणांसाठी आलटून पालटून जातो, मीरासाहेबांच्या दर्ग्याला नाहीतर डॉक्टरकडे. विशाळगडला मलिक रेहान बाबांकडे नवसासाठी. मुंबईला नणंदेच्या बाळंतपणाला. विनाकारण कुठं जाऊन राहायचं, हे आमच्या अम्मानं चौऱ्याहत्तर वर्षांत केलेलं नव्हतं. अब्बा शिंपी. अम्मा काजं-बटणं आणि तुरपाई करायची. शिंप्याच्या घरी ईद म्हणजे काय, हे शिंप्याच्या पोरांनाच विचारावं. चाँदरातीला पहाटेपर्यंत मशीन चालू, आणि ईदच्या दुपारी सगळं घर मेल्यासारखं झोपलेलं. अब्बा गेले, दुकान बंद झालं, पण अम्माचा हात काही थांबला नाही. गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजची तुरपाई आजही तिच्याकडेच येते.

2023 साली रमजान ईद 22 एप्रिलला आली. ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पाच दिवसांसाठी रत्नागिरीला निघालो. अम्मा, मी, भाभी आणि भाभीच्या दोन मुली. भाऊ सोडायला येणार आणि लगेच परत जाणार. शेजारच्या खालांनी विचारलं, "कुणाचं लग्न?" लग्न नाही. "मग उरूस?" नाही. "कुणी आजारी?" तेही नाही. "मग कशाला?" मी म्हटलं, "नुसतंच." त्या 'नुसतंच' म्हणत आत गेल्या आणि बहुधा आतल्यांनाही ते सांगितलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत आणखी दोघी विचारून गेल्या.

कोल्हापूरची रेल्वे कोल्हापुरातच संपते. त्यामुळं कोकणात उतरायचं तर घाटानं. बांबवडे, मलकापूर, आंबा, आणि मग आंबा घाट. साखरपा, पाली, हातखंबा करत एकशे तीसेक किलोमीटर. विशाळगडाच्या बाजूला अम्मानं गाडीतूनच सलाम केला. घाट उतरला की अंगाला हवा चिकटायला लागते आणि घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या होतात. मांडवीजवळ एका घरात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. मालकीणबाई कोकणी मुसलमान. पहिल्याच सकाळी घावणे आणि नारळाचा रस पुढं आला. आमच्या भाभीनं पिशवीतून कोल्हापुरी चटणीची बरणी काढली. (आपण कोल्हापूरकर चंद्रावर गेलो तरी ती बरणी घेऊन जाऊ आणि तिथंही तांबडा रस्सा मिळतो का विचारू. याचं कौतुक आता पुरे करावं असं मला वाटतं. मासळीच्या गावात मासळी खावी.)

समुद्राच्या गावी जाऊन करायचं काय, याची यादी कुणीही देतो. रत्नदुर्ग, दीपगृह, भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, पावस. दोन दिवसांत सगळी ठिकाणं उरकून, प्रत्येक ठिकाणी फोटो काढून, तिसऱ्या दिवशी अंग दुखत कामावर जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आम्ही आरे-वारेचा कड्याकडचा रस्ता रिक्षानं पाहून आलो. खाली पांढरी वाळू आणि वर सुरूची झाडं, दृष्ट लागावी असं आहे. पण तिथं आणि गणपतीपुळ्याला पाण्यात फार पुढं जाऊ नये. पायाखालची वाळू कधी सरकते कळत नाही, आणि बुडण्याच्या बातम्या सुट्टीच्या दिवसांतच येतात. घाटावरच्या माणसाला पोहायला येतं ते विहिरीत. समुद्र विहिरीसारखा एका जागी थांबत नाही.

बाकी आम्ही काय केलं ते सांगते. पहाटे एकदा मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. होड्या लागलेल्या, टोपल्या उतरत असलेल्या, लिलावाचा गलका. बांगडा, सुरमई, कोळंबी, नावं माहीत नसलेले चार प्रकार. भाव करणाऱ्या बायकांचे आवाज पुरुषांच्या वर. अम्मा तिथं अर्धा तास उभी राहिली. एका बाईनं बर्फाच्या पाण्यानं सुरकुतलेल्या बोटांनी नोटा मोजल्या, ते ती बघत होती. कामाची बोटं ती लगेच ओळखते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे तिथंच कळलं. मासळीच्या विणीचे ते दिवस. दर्यालाही दोन महिने सुट्टी आहे, हे ऐकून धाकटी पुतणी म्हणाली, "दादीला मात्र नाही."

कारण दादीनं पिशवीतून तुरपाई आणली होती. दोन ब्लाउज, सुई, रीळ. पहिल्या दुपारी ती गॅलरीत बसून ते करत राहिली आणि समोर समुद्र होता. मी म्हटलं, "अम्मा, नुसती बस की." ती म्हणाली, "बैठको क्या करना गे?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बसून काय करायचं, हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथंही बसणाऱ्या पोराला उभं करणं हेच माझं काम होतं.

बसायला शिकवलं ते दोन गोष्टींनी, आणि दोन्ही आपल्याच. पहिली नमाज. मुसाफिराला नमाजमध्ये सवलत आहे, चार फर्जच्या जागी दोन, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण घर सोडून इतके दिवस राहायची वेळ किती जणींवर येते? अम्मानं जोहरची कसर नमाज पढली, सलाम फेरला, आणि उठायच्या बेतात असताना तशीच बसून राहिली. अल्लाहनं प्रवाशाला दिलेली ती सूट होती. ती घ्यायची असते, परत करायची नसते. आणि आणखी एक गंमत. आपण घाटावरचे बहुतेक हनफी, कोकणी मुसलमान शाफई. त्यांची असरची अजान आपल्यापेक्षा तासाभरानं लवकर होते. पहिल्या दिवशी अम्मा चमकली, "इतनी जल्दी?" मालकीणबाईंनी समजावलं. तेव्हापासून तिकडची अजान झाली की मालकीणबाईंची नमाज व्हायची, आणि आमची असर अजून तासभर दूर असायची. तो तास कुणाचाच नव्हता. मालकीणबाई चहा घेऊन वर यायच्या, अम्मा आणि त्या गॅलरीत बसायच्या. एक बोलायची दखनी, दुसरी कोकणी. दोघींना निम्मं-निम्मं कळत असावं. हसू मात्र पूर्ण ऐकू यायचं.

दुसरी गोष्ट चाँद. भरती-ओहोटी चंद्रावर चालते हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून कितीदा सांगितलं असेल. पण चंद्र पाहून महिना धरणाऱ्या आपल्या लोकांना हे गणित किती सोपं आहे, ते मालकीणबाईंनी दाखवलं. या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, दुपारी आणि मध्यरात्री. मग रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. आठव्या-नवव्या दिवशी ती संध्याकाळवर येते, आणि तेव्हा पाण्याचा जोरही कमी असतो. त्याला भांग म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेचं ते उधाण. चाँद दिसल्यापासून दिवस मोजत गेलं की घड्याळ लागत नाही. आम्ही पोचलो तेव्हा भरती दुपारीच येऊन गेलेली असायची, संध्याकाळी समुद्र मागे सरकत जायचा आणि मांडवीची काळसर वाळू ओली, चकचकीत पसरायची. रोज थोडं कमी मागे. शेवटच्या दिवशी मगरिबच्या आधी पाणी उलट वर चढत होतं. अम्माला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून तीच आम्हाला सांगायची, आज पाणी कालच्या मागून येणार.

तिसऱ्या संध्याकाळी तिनं चपला काढल्या. डोक्यावरचा पदर दातांत धरला, साडी वितभर उचलली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. शेजारी बुरख्यातल्या चार पोरी गुडघ्यापर्यंत भिजून किंचाळत होत्या, पलीकडं एक नऊवारीतली म्हातारी नातवाचा हात धरून उभी होती. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती. किनाऱ्यावरची ही एक गोष्ट मला रंकाळ्यापेक्षा बरी वाटते. तलावाला समोरचा काठ असतो आणि समोरच्या काठावर माणसं असतात.

चौथ्या दिवशी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. आधी दुसऱ्या बंगल्यांत, मग 1910 मध्ये बांधून झालेल्या या वाड्यात. 1916 मध्ये तो इथंच वारला. म्हणजे तीस वर्षं समुद्राकाठी, वाडा, नोकरचाकर, काम काही नाही. आपल्या बहादूरशहा जफरचं नेमकं उलट. दिल्लीच्या बादशहाला रंगूनला नेऊन ठेवलं, तो 1862 मध्ये तिथं दफन झाला. ब्रह्मदेशच्या राजाची कबर रत्नागिरीत. इंग्रजांनी राजांची अशी अदलाबदल केली, आणि दोन्हीकडं समुद्र मध्ये ठेवला. थिबाची नात टूटू तर इथल्याच एका घरची सून झाली आणि 2000 साली रत्नागिरीतच वारली. मराठी बोलायची म्हणतात.

मी हे सगळं अम्माला सांगत होते. ती राजाच्या छायाचित्रासमोर थांबून त्याच्या अंगरख्याचं काम बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "इसके कपडे कौन सीता होगा यहाँ?" मग बाहेर आल्यावर, पायरीवर बसत, "तीस साल. कुछ काम नै देना, ये भी सजाच हुई." मी म्हटलं, तूच तर म्हणत होतीस बसून काय करायचं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प झाले. तिला परत जायचं होतं. कोल्हापूरला, तिच्या मर्जीनं. राजाला ते नव्हतं. हा फरक तिला माझ्याआधी कळला होता. वाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि मावळता सूर्य दिसतो. आम्ही तिथं अंधार पडेपर्यंत होतो. ब्लाउज पिशवीतच होते. पहिल्या दिवसानंतर ते बाहेर आले नव्हते.

परतताना दोन डझन हापूस, सुकी मासळी, खाजा. शेजारच्या खालांना आंबे देताना अम्मानं पाण्याचं गणित सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

मग दीड महिन्यानं, 7 जून 2023 ला, कोल्हापूर बंद होतं. मोबाईलवरच्या स्टेटसवरून सुरू झालेलं प्रकरण रस्त्यावर आलं, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद झालं. आपल्या लोकांची दुकानं फुटली. आम्ही दाराला आतून कडी घालून बसलो होतो. बसायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी वेगळं कळलं. फोन लागत होता, पण कुणाला काय विचारायचं हे सुचत नव्हतं. भाऊ खिडकीपाशी उभा. मुली आतल्या खोलीत. अम्मा पलंगावर, हातात काही नाही. जोहर झाली होती, आणि पूर्ण चार फर्ज पढली होती, कारण ती घरी होती.

दुपार कलली तशी ती बोटांवर काही मोजायला लागली. मला वाटलं तस्बीह. पण ती जिल्काद मोजत होती. पंधरावी कधी, सोळावी कधी. मोजून झाल्यावर धाकटीला हाक मारून विचारलं, "अब पानी भार जारा होगा ना गे?"

धाकटीनं हिशेब केला. पौर्णिमा होऊन तीन दिवस, म्हणजे भरती दीड-दोनला येऊन गेली. "हौ दादी, आता ओहोटी."

"और होडी?"

"होड्या बंद. एक तारखेपासून."

अम्मानं मान हलवली, पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून बसली.